अर्धा डोळा

"मग अर्धा डोळा काय कामाचा, तेवढं सांगा," चष्मेवाला म्हणाला.

त्यानं सोबत आणलेला प्लॅस्टिकचा डोळा मुख्याध्यापिकांच्या टेबलावर उघडला. बुबुळ, भिंग, पडदा असे भाग एकेक करून मांडले. प्रार्थनागृहातल्या व्याख्यानात तो हेच करून दाखवायचा आणि माणसं भारावून ऐकायची. "यातलं एक काढा, सगळं ठप्प. हे थोडं थोडं करत आपोआप कसं होईल? देवानं आधी पुरता विचार केला आणि मग घडवलं. आणि हे सर मुलांना सांगतात, डोळा होत होत झाला म्हणून."

जीवशास्त्राचे सर खुर्चीच्या कडेवर टेकले होते. आवाज न चढवता म्हणाले, "पुस्तकात आहे तेच शिकवलं."

"माझ्या पोरीला भर वर्गात चूक म्हणालात, तेही पुस्तकात आहे?"

खरी तक्रार ही होती. चष्मेवाल्याची मुलगी त्याच्या शेजारी बसली होती. नववीत होती. तिची नजर कडेकडून विझत चालली होती. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं आणि दिवस कलला की तेही अंधुक व्हायचं. आजार जन्माचा होता, वाढत जाणारा होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी चष्मेवाला दर वाढदिवसाला तिच्यासाठी स्वतःच्या हातानं काचा घासून नवा चष्मा करायचा. कुठल्याच काचेचा उपयोग नाही हे चष्म्यांच्या धंद्यात त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? ती तो चष्मा घालायची. "आता बरं दिसतंय, बाबा," असंही म्हणायची.

मुख्याध्यापिकांनी पाण्याचा पेला मुलीकडे सरकवला. तो कडेनं आला, तिला दिसला नाही. कोपर लागून पाणी टेबलभर झालं. सगळ्यांनी घाईघाईनं दुसरीकडे पाहिलं.

"घाबरू नकोस," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सर तुला चूक म्हणाले का?"

"नाही. मीच त्यांना विचारलं होतं, माझे डोळे असे का म्हणून."

चष्मेवाल्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. घरी तिनं हा प्रश्न कधीच विचारला नव्हता.

"मग काय म्हणाले?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"म्हणाले, आईबापांकडून आपल्यात जे येतं, त्याची सारखी नक्कल होत असते. करोडो वर्षं होतेय. नक्कल होताना एखादं अक्षर चुकतं. त्यातूनच नवे जीव होतात, डोळेसुद्धा त्यातूनच झाले. आणि कधी माझ्यासारखंही होतं. कुणी चुकवत नाही, चुकतं." ती वडिलांकडे वळली. नीट दिसावेत म्हणून तिला पूर्ण मान वळवावी लागली. "आणि अर्धा डोळा पुष्कळ कामाचा असतो, बाबा. मी तेवढ्यावरच रोज शाळेत येते."

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. पण तोंडातून गेलेला शब्द आता मागे घेता येत नव्हता आणि दाराबाहेर प्रार्थनागृहातली मंडळी ताटकळत उभी होती. त्यांना तोच घेऊन आला होता. "लेकरू आहे ते," तो म्हणाला. "जे कानावर पडलं तेच बोलणार. म्हणूनच तर म्हणतो, हा धडा बंद करा. नाहीतर उद्यापासून आमच्यापैकी कुणाचीच मुलं येणार नाहीत."

मुख्याध्यापिकांनी दाराकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, तुम्हीच काय ते बोला."

मुलीनं मान सरांकडे वळवली. सर आता काहीतरी बोलतील असं तिला वाटलं. वर्गात ते किती सुंदर बोलायचे.

सरांनी टेबलावरचं पाणी रुमालानं टिपलं. बराच वेळ टिपत राहिले. मग म्हणाले, "उगाच वाद नको. तो भाग मी गाळतो."

बाहेर आल्यावर मंडळींनी चष्मेवाल्याची पाठ थोपटली. एकानं पुढच्या व्याख्यानाचं निमंत्रण तिथेच दिलं. तो हो म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

घरी जाताना ऊन उतरलं होतं. मुलीनं त्याचा दंड धरला होता. फुटपाथ उंचसखल होता. पायरी आली की तो हळूच दंड उचलायचा, तिला कळायचं. इतकी वर्षं हे न बोलता चालत आलं होतं. आज मात्र तो चौकापाशी थांबला.

"एक विचारू? खरं सांग. त्या माणसाचं ऐकून तुला देव नकोसा झालाय का?"

"नाही."

"मग त्याच्या बाजूनं का बोललीस?"

रस्त्यावरचे दिवे लागत होते. तिला ते कुठेतरी दूर असल्यासारखे वाटत होते.

"तुम्ही सांगता, देवानं एकेक डोळा विचार करून, आपल्या हातानं घडवला. मी लहानपणापासून पहिल्या रांगेत बसून ऐकत आलेय. म्हणजे माझेही त्यानंच घडवले, विचार करून. रोज प्रार्थनेला बसले की हेच मनात यायचं, आणि मला त्याचा इतका राग यायचा, बाबा, की ओठ हलायचे नाहीत. सरांनी तो धडा शिकवला त्या दिवशी पहिल्यांदा मला प्रार्थना म्हणता आली."