कोणी न मागितलेली गाणी

संध्याकाळी साडेसहाला, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या दुर्गाबाईंच्या घरात, गाणं संपल्यावर एका पुरुषाने हाक मारली. "दुर्गे."

दुर्गाबाई शेवंतीचा हार ओवत होत्या. सुई हातात तशीच राहिली.

आवाज मोबाइलमधून आला होता. त्यांचा मुलगा श्याम दर दिवाळीला आपल्या आवडीची, फारशी कोणाला माहीत नसलेली गाणी निवडायचा, एकामागे एक जोडायचा आणि घरच्यांना पाठवायचा. अमरावतीला दिलेल्या बहिणीने, आरतीने, त्याला नाव ठेवलं होतं : कोणी न मागितलेली गाणी. यंदा शेवटचं गाणं खास होतं. वडील, खुशालराव, तरुणपणी एका रेकॉर्डवर कोरसमध्ये गायले होते. घरातली प्रत केव्हाच फुटली होती. या वर्षी एका कंपनीने ती रेकॉर्ड नव्याने काढली. श्यामने मागवली, प्लेयरवर लावून गाणं भरून घेतलं आणि दुपारीच सगळी गाणी आरतीला पाठवली. खुशालराव जाऊन चार वर्षं झाली होती. आईला त्यांचा आवाज ऐकवायचा, एवढाच बेत होता.

"भरताना मी शेवटपर्यंत बसलो होतो," श्याम म्हणाला. "हे नव्हतं."

"आवाज त्याईचाच आहे."

"असन कोरसमधलं कोणी. जगात काय तू एकटीच दुर्गा आहे?"

"गाणं लग्नाच्या आधीचं. तवा मी पार्बता होती. दुर्गा नाव त्याईनं मांडवात तांदळावर लिहिलं."

श्यामने खात्री करायला रेकॉर्डच लावली. गाणं संपलं. सुई रिकाम्या रेघांवरून फिरत राहिली.

"दुर्गे."

या वेळी थोडं जवळून. श्यामने सुई उचलली.

दुर्गाबाईंनी ओ दिली नाही. दिवेलागणीला हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे त्यांनीच दोन्ही मुलांना शिकवलं होतं. माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे असतं ते दोनदाच मारतं.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"दोनदा झाली. तिसरी आली तं तेच असतीन."

"अन् मंग?"

"मंग ओ देईन. चार वर्स झाले, मले कोणी नावानं हाक नाई मारली."

"मी मारतो ना."

"तू आई म्हणतं."

श्यामने रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट कपाटावर टाकलं. मोबाइलमधली गाणी पुसली.

"माह्यासाठी आणली म्हणतं," दुर्गाबाई म्हणाल्या, "अन् मलेच नाई आयकू देत."

देवापुढे दिवा लावायचा राहिला होता. तो लावायला श्याम उठला आणि दुर्गाबाईंचा फोन वाजला. आरती होती. त्यांनी स्पीकर लावला.

"आई, दादाचे गाणे आयकले का? लय रडवलं त्यानं. पण शेवटी कोण बोलते, पाय बरं."

"आरते, बंद कर ते," श्याम म्हणाला.

तिने तिकडे नवऱ्याच्या फोनवर आधीच लावलं होतं.

"दुर्गे."

दुर्गाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला.

"ओ जी," त्या म्हणाल्या. "आली."

"आई, कोणाशी बोलून राहिली?" आरती विचारत होती. श्यामने फोन कापला.

सात वाजले आहेत. दुर्गाबाई भिंतीला टेकून बसल्या आहेत. डोळे दाराकडे. मांडीवर अर्धा हार, सुईत दोरा. श्याम समोर उकिडवा बसला आहे. त्याने हाक मारली, "आई." मग जरा मोठ्याने, "आई."

तिसरी हाक त्याने अजून मारलेली नाही.