घाटासाठी टायर

दा हम्मूने टायर उभा धरला, त्याच्या खाचांतून अंगठा फिरवला आणि विचारलं, "साल कुठलं आहे?"

टायरच्या कडेला चार आकडे उठून दिसत होते, अगदी त्याच्या नाकासमोर. दुकानदार बिहीने ते वाचून सांगितले. टायर सहा वर्षांपूर्वीचा होता.

"सहा वर्षं गोदामात पडलेलं रबर म्हणजे लाकूड," म्हातारा म्हणाला. "दुसरा दाखव."

मोटरसायकल घरीच होती, विटांवर उभी. तिची दोन्ही चाकं काढून दा हम्मू आणि त्याची बायको इज्जा हातगाडीवरून तारूदांतच्या बाजारात घेऊन आले होते. गाडी पस्तीस वर्षांची. टायर पार टकले झालेले, आणि मागच्याला कडेने भेगा. असल्या जुन्या मापाचे टायर आता फक्त बिहीच ठेवायचा.

दोघांना घाटापलीकडे जायचं होतं. त्यांची मुलगी तुदा तिकडे दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिचं गाव दोन दरडींच्या मधे अडकलं होतं. मोटार जात नव्हती, दुचाकी तेवढी कशीबशी वाट काढायची. गावात डॉक्टर नव्हता, आणि इज्जा तर सुईण. बाजारातली निम्मी माणसं तिच्या हातून जन्मलेली, खुद्द बिहीसुद्धा.

बिहीचं आदल्याच दिवशी तुदाशी बोलणं झालं नसतं, तर त्याने एव्हाना टायर चढवूनही दिले असते.

तुदाचा फोन अचानकच आला होता. बाबांचा डावा डोळा गेलाय, तिने सांगितलं होतं, आणि उजव्याने नुसत्या सावल्या दिसतात. ते कुणाला कळू देत नाहीत. मी येऊ नका म्हटलं तर ऐकत नाहीत, आणि आई त्यांच्यापुढे बोलत नाही. शेवटी ती म्हणाली होती, "बिहीदादा, त्या मापाचे टायर मिळत नाहीत म्हणून सांग. माझं काय व्हायचं ते होईल. पण दोघं दरीत गेलेले मला ऐकायचे नाहीत."

बिहीने शब्द दिला होता.

"दुसरा नाही, दा हम्मू," तो म्हणाला. "अगादीरहून मागवावा लागेल. पंधरा दिवस तरी लागतील."

"पोर पंधरा दिवस थांबेल का?"

आतल्या फळीवर याच वर्षीच्या दोन नव्या जोड्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या. तिकडे नजर जाऊ नये म्हणून बिही पाने-पकडी उगाच पुसत राहिला.

दा हम्मू चाचपडत हातगाडीशी गेला आणि त्याने दांडा धरला. "चल इज्जा. आहेत तेच टायर घालू. उद्या उजाडताच निघू."

इज्जाने नवऱ्याकडे पाहिलं, मग मागच्या टायरच्या भेगांकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मग तिने हातगाडीला मागून हात लावला.

हातगाडी दाराबाहेर पडली तेव्हा बिहीने हातातला पाना खाली ठेवला. म्हातारा बोलल्याप्रमाणे करणार, यात शंका नव्हती. या टायरवर तो पहिल्या वळणालाच संपला असता.

"थांबा," बिहीने हाक मारली. "आत दोन जोड्या आहेत. विसरलोच होतो."

दोन जाती होत्या. एक कडक रबराची, वर्षानुवर्षं टिकणारी. दुसरी मऊ, लवकर झिजणारी, पण ओल्या रस्त्याला धरून राहणारी. दा हम्मूने दोन्हींत नख रुतवून पाहिलं आणि मऊ जोडी घेतली. एकदा जायचंय आणि एकदा यायचंय, तो म्हणाला, झिजली तर झिजू दे.

बिही ट्यूब भरत असताना इज्जा प्रथमच बोलली. "उतारावर वाळू असली, तर मागचं चाक सरकेल का?"

"ब्रेक हळू दाबला तर नाही, लाल्ला इज्जा," तो आदराने म्हणाला.

"आणि दोघं बसलो, वर सामान, तर हवा किती ठेवायची?"

बिहीने सांगितलं. बिचारी किती घाबरली आहे, त्याला वाटलं. त्याने मुद्दाम म्हाताऱ्याकडे तोंड करून मोठ्याने बजावलं, की नव्या टायरला आधी गुळगुळीत तकाकी असते, शंभर किलोमीटरपर्यंत वळणावर गाडी झुकवू नका.

"ऐकलंस ना?" दा हम्मू बायकोला म्हणाला आणि हसला.

इज्जा हसली नाही.

त्या रात्री बिहीला झोप लागली नाही. तुदाला दिलेला शब्द त्याने मोडला होता. टायर नसते दिले तरी म्हातारा गेला असता, हे त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. पण डोळे मिटले की दरी दिसायची. शेवटी त्याने ठरवलं. म्हाताऱ्याला वाटेत उतरवायचं, किल्ली काढून घ्यायची आणि इज्जाला आपण पलीकडे पोचवायचं. त्याने आयुष्यात कधी त्या घाटात गाडी चालवली नव्हती.

उजाडता उजाडता तो गावाबाहेर, घाटाचा रस्ता फुटतो तिथे जाऊन उभा राहिला. धुकं होतं. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने इंजिनचा आवाज आला. एका लयीत, न अडखळता तो जवळ येत होता. दिवा दिसला तसा बिही दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध सरकला आणि त्याने डोळे घट्ट मिटले.

टायर वाळूवर जरासे करकरले. गाडी त्याच्यापासून हातभरावर अलगद थांबली.

मागच्या सीटवरून दा हम्मूने विचारलं, "कोण आडवं आलंय गं?"