आवाज घरातच राहील

"सगळं पुसून टाक," आई म्हणाली. "जागा संपली म्हणतोय ना तो? मग पूस आणि मोकळी हो."

लेक बाबांच्या लॅपटॉपसमोर बसली होती. बाबा शेजाऱ्यांबरोबर केस कापायला गेले होते, तेवढ्यात काम उरकायचं होतं. पडद्यावर तिनेच लिहिलेली सूचना झळकत होती: नवं रेकॉर्डिंग ठेवायला जागा नाही.

"पुसू कसं? उद्या थेरपिस्टबाईंना हेच तर ऐकवायचंय."

"ऐकवायचंय?" आईने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. "तुझ्या बाबांना विचारलंस का?"

पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली होती. समजत सगळं होतं, शब्द मात्र ओठांपाशी येऊन अडायचे. लेकीचं काम वेबसाइट बनवायचं. तिने त्यांच्यासाठी एक ॲप लिहिलं. पडद्यावर चित्र येतं, त्याचं नाव मोठ्याने म्हणायचं, ॲप ते रेकॉर्ड करून घेतं. रेकॉर्डिंग थेरपिस्टबाईंकडे जाईल, असं तिने सांगितलं मात्र, बाबांनी फटकन लॅपटॉप मिटला. आपला तुटका आवाज चारचौघांत जावा, हे त्या मानी माणसाला परवडणारं नव्हतं.

मग तिने आवाज ब्राउझरमध्येच ठेवायचं ठरवलं. तिथे माहिती साठवायच्या तीन जागा. कुकीत चिमूटभर मावतं. लोकल स्टोरेजमध्ये नुसती अक्षरं, तीही बेतानेच. तिसरं, ब्राउझरचं मोठं कोठार, इंडेक्स्डडीबी. आवाजासाठी तेच बरं.

"कोठार म्हणजे घरातच ना?" आईने तेव्हा दोनदा विचारलं होतं.

"घरातच. या लॅपटॉपबाहेर जाणार नाही. बाईंना आणि मला फक्त एक खूण जाईल, आज सराव झाला म्हणून."

खूण रोज जात होती. एक दिवस चुकला नाही. लेक दुसऱ्या शहरात बसून ती हिरवी खूण बघायची आणि तिचा दिवस चांगला जायचा. पण क्लिनिकमध्ये बाबा तोंडातून ब्र काढत नव्हते. शेवटी बाईंनी सांगून टाकलं, इतक्या नेमाने सराव करूनही काही होत नसेल तर आता बोलण्याचा हट्ट सोडू या. चित्रांच्या फलकावर बोट ठेवून काम भागवायला शिकवू. उद्या त्याचंच ठरायचं होतं.

"घरी बोलतात ते, तिथे बुजतात," लेक म्हणाली. "हे ऐकलं की बाईंना पटेल."

आईने पुन्हा टेबल पुसायला घेतलं.

लेकीने कोठार उघडलं आणि कपाळाला हात लावला. हे कायमचं राखून ठेवायची परवानगी तिने ब्राउझरकडे मागितलीच नव्हती. डिस्क तुडुंब भरली की ब्राउझर कुणाला न विचारता सगळं झाडून टाकू शकतो. दुसऱ्यांची कामं करताना ती कधी विसरली नसती. घरचं म्हणून विसरली.

"पण एवढं भरलं कशाने?" ती पुटपुटली. "एकेका शब्दाला इतकी जागा?"

"थांबवायचं बटण दाबायचं राहत असेल," आई म्हणाली. "कामाच्या गडबडीत."

"बाबांना कसली आलीय कामाची गडबड?"

आई उठली. "चहा टाकते."

"बस गं. एकच ऐकते, शेवटचं."

"नको! कुणी ऐकणार नाही, असा शब्द दिलायस तू त्यांना."

पण लेकीने बटण दाबलं होतं.

"छ... छ... छत... री," लॅपटॉप म्हणाला.

आवाज घोगरा होता, अडखळत होता, आणि तो आईचा होता.

लेकीने मान वळवली. आई पदराशी चाळा करत होती.

"ते बसायचेच नाहीत गं. खुर्चीत यायचे, चित्राकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे. खूण गेली नाही तर बाई आपल्याला सोडून देतील, असं वाटलं मला. म्हणून मीच म्हणायचे."

"आणि अडखळत कशाला?"

"खरं वाटावं म्हणून."

लेकीला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "आई, तू बाबांची नक्कल करत होतीस?"

"हसू नकोस. मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. बाई म्हणतात सरावाने काही होत नाही, आणि सराव सगळा माझा झालाय!" आईने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "त्यांची संधी माझ्यामुळे गेली."

लेकीने तिचा हात धरला. "गेली कुठे? उलट बरंच झालं. बाबा प्रयत्न करून हरले असते तर गोष्ट वेगळी. त्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही. उद्या बाईंना खरं सांगू."

"रागावतील."

"रागावू देत. ओरडा मी खाते. पण फलक नको म्हणायचं, पहिल्यापासून सुरू करू."

आईने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. तिला इतकं हलकं वाटलं की तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"मग हे पूस बाई आधी," ती म्हणाली. "माझीच मला लाज वाटते."

"पुसते. ठेवण्यासारखं यात आहे काय!"

तिने सगळं निवडलं. नक्की पुसायचं का, असं पडद्यावर आलं. तिने बोट पुढे नेलं.

मघाशी लावलेलं रेकॉर्डिंग अजून वाजतच होतं. बोलण्याच्या नादात ते थांबवायचं दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यातली आई केव्हाच उठून स्वयंपाकघरात गेली होती, लांबून भांड्यांचे आवाज येत होते. मग खुर्ची करकरली, कुणीतरी माइकजवळ सरकलं, आणि एक जाड, दमलेला, ओळखीचा आवाज हळूच म्हणाला, "छ... छत्... छत्री."