कोपऱ्यापर्यंत

शेवटचा घास गिळल्यावर बेकरीवाल्याच्या लक्षात आलं, आपण अख्खा केक संपवला. भट्टीमागे, उभ्या उभ्या, हातानंच. गिऱ्हाइकानं ऐनवेळी ऑर्डर रद्द केली होती, आणि एक कड चाखून बघू म्हणता म्हणता खाली नुसता पुठ्ठा उरला.

त्यानं हात धुतले. मग पुन्हा धुतले.

ताईचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. घरात जुळत होतं ते त्याचंच, पण त्यावर चरबी होती. ती उतरल्याशिवाय ताईसाठी तुकडा काढता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मागच्या वेळी तो असाच घसरला, आणि आता पथ्य मोडलंच आहे म्हणत पुढे कितीतरी दिवस खात सुटला. ऑपरेशनची तारीख हुकली. तेव्हापासून दिवसभर लोणी-साखरेत हात घालून तो उकडलेल्या भाज्यांवर राहत होता.

संध्याकाळी तो नेहमीसारखा ताईकडे गेला. ती खिडकीशी शाल पांघरून बसली होती. डोळे आणखी पिवळे दिसत होते.

"काय झालं रे, गब्दू?" लहानपणीचं ते नाव आता फक्त तिच्याच तोंडी उरलं होतं.

"कुठे काय."

"तोंड बघ आरशात. आईनं खाऊच्या डब्यापाशी पकडल्यासारखं झालंय."

त्याला धड हसता येईना. "केक खाल्ला, ताई. अख्खा."

तिनं शाल सावरली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुझा जीव टांगणीला लागलाय आणि मी ताव मारत बसलो. मागच्यासारखंच होणार बघ."

"कसा होता?" तिनं विचारलं.

"काय?"

"केक. मला हल्ली अन्नाचा वाससुद्धा सोसत नाही. ऐकायला काय हरकत आहे?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "पहिला घास चांगला लागला. पुढचं आठवतच नाही."

"मग पहिल्या घासाचंच सांग."

त्यानं सांगितलं. आत संत्र्याची साल किसून घातली होती. वरचं क्रीम अजून गार होतं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिनं आवंढा गिळला, आणि तो थांबला.

"झालं?" ती खुर्चीचा हात धरून उठली. "माझ्या चपला दे. चालून येऊ."

"तुला दम लागेल."

"लागू दे."

रस्त्यावर तो तिचा दंड धरून पावलापावलानं चालू लागला. तिनं हात सोडवून घेतला.

"माझ्या चालीनं चाललास तर तुझं काय डोंबल उतरणार? तू हो पुढे."

तो भराभर कोपऱ्यापर्यंत गेला आणि वळून तिच्याकडे आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. शर्ट पाठीला चिकटला. पोटात तो केक दगडासारखा बसला होता.

या खेपेला तो परतला तेव्हा ती शेजारच्या फाटकापर्यंतच पोचली होती, भिंतीला टेकून. तो थांबला.

बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. तिनं नुसता हात हलवला. जा.