धुरकट काच

शिवप्पांनी बादलीत पॉलिश पेपर भिजत घातला, शेजारी टूथपेस्टची ट्यूब ठेवली आणि इंडिकाच्या हेडलाइटपुढं पाट घेऊन बसले. उंबऱ्यावर बसलेल्या फुलाबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली.

रिक्षा पुसत असलेला शेजारचा गुरुशांत हसला. "मामा, दर रविवारी पेस्ट! तुमच्यापेक्षा गाडीचेच दात पांढरे झाले की!"

"तुला काय कळतंय? बघ, किती धुरकटलीय," शिवप्पा म्हणाले. "एकदा उजेड नीट पडू दे, फुलाला वळसंगला नेऊन आणतो. माहेर बघून तीन वर्षं झाली तिला."

गुरुशांतनं काचेकडं बघितलं, मग फुलाबाईंकडं. रिक्षा चालू करून निघून गेला.

तीन वर्षांपूर्वीच डोळ्यांच्या डॉक्टरांनी फुलाबाईंना बाजूला घेतलं होतं. शिवप्पांना काचबिंदू. थेंबांनी टिकेल तेवढं टिकेल, गेलेली नजर परत येणार नाही. शिवप्पांनी चाळीस वर्षं स्टेशनवरून अक्कलकोटला माणसं पोचवली होती. त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगायचं? "थेंब घाला, बरं वाटंल म्हणालेत," एवढंच त्या बोलल्या. ऊन डोळ्यांना सोसेना म्हणून दिवसा गाडी काढणं शिवप्पांनी आधीच सोडलं होतं. राहिली संध्याकाळ. एका संध्याकाळी गाडी बोळाच्या तोंडाशी खांबाला घासली. खाली उतरून त्यांनी हेडलाइटलाच शिव्या घातल्या.

फुलाबाईंनी ते बोलणं उचलून धरलं. "व्हय की, काचंचाच दोष. ती स्वच्छ झाल्याबिगर गाडी काढायची न्हाई. माझी शपथ हाय."

तेव्हापासून दर रविवारी शिवप्पा काच घासत. सोमवारी पहाटे ते गुरुशांतच्या रिक्षातून सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले, की फुलाबाई तारेची घासणी घेऊन गाडीपुढं बसत. नवऱ्यानं चमकवलेली काच पुन्हा पांढुरकी होईपर्यंत खरडत. खरडता खरडता रडत. ते यायच्या आत तोंड धुऊन चहा टाकत.

पण गेल्या सोमवारी काच खरडायच्या आधीच त्या मोरीत घसरल्या. उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला. आठवडाभर दोन्ही काचा लख्ख होत्या, नव्या गाडीच्या असाव्यात तशा. आज हे गाडीची चावी मागणार, या भीतीनं त्यांनी सकाळीच चावी पदराच्या गाठीत बांधली होती. आणि आता तेच माणूस लख्ख काचेपुढं बसून ती धुरकटलीय म्हणत होतं.

पेपर लावण्याआधी शिवप्पांनी काचेवरून बोटं फिरवली. हात थांबला. पुन्हा फिरवली. सरकत जाऊन दुसऱ्या काचेवरूनही फिरवली.

"फुला," मान न वळवता ते म्हणाले, "ह्या सोमवारी घासणी मारली न्हाईस व्हय?"

फुलाबाई उंबऱ्यावरून उठल्या.

"एरवी खरखरीत लागती. आज गुळगुळीत हाय."

"तुमाला... तुमाला दिसत हुतं सगळं?"

"दिसत न्हाई म्हणून तर बोटांनी बघतोय की."

फुलाबाईंनी डाव्या हातानं आणि दातांनी पदराची गाठ सोडली. जवळ जाऊन चावी त्यांच्या तोंडापुढं धरली. शिवप्पांना ती दिसली नाही. ते चाचपडत ट्यूब शोधत होते. ती सापडल्यावर त्यांनी लख्ख काचेवर पांढरी रेघ ओढली आणि कापड गोल गोल फिरवायला लागले.

"हाताला जप," ते म्हणाले. "आता खरडत बसू नगंस. कुणी इचारलं, तर काच अजून धुरकटच हाय म्हणू आपण."