न दिसणारा पासवर्ड

तिसऱ्यांदाही कॉम्प्युटरनं नाही म्हटलं. रीतानं हात मांडीवर ठेवले आणि ती तशीच बसून राहिली. ना चिडली, ना कंटाळली. शेजारी डबा घेऊन बसलेल्या तिच्या सासूला, भागीरथाबाईला, वाचता येत नव्हतं. पण नकार ओळखायला अक्षरं कशाला लागतात? सकाळपासून तीच एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती.

एटापल्लीपासून दोन तासांवरच्या त्या गावात ग्रामसभेचं मोहफुलांचं गोदाम होतं. तिथला कॉम्प्युटर धनराज सांभाळायचा. भागीरथाबाईचा एकुलता एक पोरगा. जुनं मशीन सारखं अडकायचं, म्हणून त्यानंच त्यावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली टाकली. आता गोदामाचा सारा कारभार पाहणारं सॉफ्टवेअर त्यावर बसवायचं, असं त्याच्या मनात होतं. दिवाळीनंतर तापानं तो गेला आणि काम तसंच राहिलं. ग्रामसभेनं त्याची खुर्ची त्याच्या बायकोला दिली. पण अध्यक्ष देवरावभाऊंनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की मोहाची खरेदी सुरू व्हायच्या आत सॉफ्टवेअर चालू झालं पाहिजे, नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल. खरेदी उद्या होती. खुर्ची गेली की रीताचा भाऊ तिला माहेरी, माजरीला घेऊन जाणार, हेही ठरल्यासारखंच होतं.

गेली तर जाईना का, असं भागीरथाबाईला मधूनमधून वाटायचं. खोटं कशाला बोला! पोरगा गेला त्या दिवशी सारं गाव रडलं, ही रडली नाही. तेराव्यालाही नाही. सुरुवातीचे दोन महिने भागीरथाबाई तिच्याजवळ धनराजच्या गोष्टी काढायची. ही ऐकून घ्यायची, "हो" म्हणायची आणि भांडी उचलायची. पापणीसुद्धा हलायची नाही. आत काही जातच नसेल तर आपलं तोंड कशाला दुखवा, म्हणून शेवटी म्हातारीनं बोलणंच सोडलं. त्याला आता तीन महिने होत आले. तेव्हापासून घरात "जेवतं का?" आणि "जेवली", एवढंच.

फोन खिडकीच्या गजाला बांधला होता, कारण रेंज तिथंच यायची. त्यातून चंद्रपूरची स्वाती बोलत होती. सॉफ्टवेअर बसवून देण्याचं काम तिच्याकडे होतं. ती एकेक ओळ वाचून दाखवायची आणि रीता ती एका बोटानं काळ्या पडद्यावर उतरवायची. गाडी पासवर्डपाशी येऊन अडायची. पासवर्ड धनराजनं चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवून ठेवला होता. चिठ्ठी त्याच्याच हातची, अक्षरं बरोबर, तरी नकार. आता नाही झालं तर मशीन चंद्रपूरला आणावं लागेल, असं स्वाती म्हणाली. म्हणजे उद्याचं गेलंच.

शेवटचं म्हणून स्वातीनं सांगितलं, या वेळी जे कराल ते तोंडानं बोलत करा.

"टाकला," रीता म्हणाली. "काई दिसलं नाई. आता पुन्हा टाकून राह्यली."

"थांबा. पुन्हा काऊन, वहिनी?"

रीतानं बोट मागं घेतलं. उत्तर भागीरथाबाईला ठाऊक होतं. पूर्वी व्यापाऱ्यांनी गावाला काट्यात लय फसवलं होतं. म्हणून धनराजनं गोदामात रीतच पाडली होती, प्रत्येक टोपली दोनदा तोलायची आणि काट्यावर दिसलं नाही ते धरायचं नाही. त्या गोदामात सारं दोनदाच व्हायचं. रीताही पासवर्ड टाकायची, पडद्यावर काही उमटलं नाही की त्यालाच जोडून पुन्हा टाकायची.

स्वाती हसली नाही. "लिनक्समधे पासवर्ड दिसतच नाई, वहिनी. टिंबसुद्धा उमटत नाई. पण आत सारं जाते. एकदाच टाका अन् एंटर मारा."

रीतानं एकदाच टाकला. पडदा कोराच राहिला. तिनं एंटर दाबलं आणि ओळींमागून ओळी धावू लागल्या.

चार वाजता गोदामाचं पान उघडलं. वर ग्रामसभेचं नाव होतं. देवरावभाऊ येऊन पाहून गेले आणि सकाळी सातला कुलूप उघडायला सांगून गेले. खुर्ची राहिली. रीता "हो" म्हणाली, डबा धुतला आणि चपला घातल्या. भागीरथाबाई मात्र बंद झालेल्या कॉम्प्युटरच्या कोऱ्या पडद्याकडे बराच वेळ पाहत बसली होती. रीतानं तिला उठायला हात दिला.

वाटेत मोहाखाली बायका उद्याच्या वेचणीसाठी जागा झाडत होत्या. एका झाडापाशी भागीरथाबाई थांबली.

"या झाडाले झोळी बांधून मी धनराजले निजवत होती," ती म्हणाली. "मी फुलं वेचून येवो तर हा जागाच."

"हो," रीता म्हणाली. पापणी हलली नाही.

या वेळी भागीरथाबाईनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. घर येईपर्यंत ती सांगत राहिली.