हिरव्या फडक्यातली बाटली

हिरव्या फडक्यात बांधलेल्या बाटलीतली वाइन पेल्यात पडली आणि पेला नाकापाशी नेता नेता तिचा हात जागच्या जागी थांबला.

"काय हो नाकबाई, माशी पडली का?" खरेदीसाहेबांनी विचारलं.

"नाही. बघते."

हॉटेल अजून उघडायचं होतं. एकाच मालकाची ही हॉटेलं गावोगाव पसरलेली, आणि सगळी एका साच्यातली: तीच लाल बाकं, तेच पिवळे दिवे, तीच गाणी. या सगळ्या टेबलांवर यंदा कुठली वाइन द्यायची ते ठरवायला स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिघं बसली होती. खरेदीसाहेब, मुख्य आचारी आणि ती. लेबल बघून कुणाचं मन पाघळू नये म्हणून बाटल्या रंगीत फडक्यांत बांधलेल्या. हुंगायचं, घोट तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा, मत द्यायचं. बाटल्या घेऊन आलेली माणसं बाहेर बाकांवर अंग चोरून बसली होती.

हा वास तिला ठाऊक होता. ठाऊक कसला, ती त्यातच वाढली होती. घराखाली तळघर, तळघरात लाकडी पिंपं, पिंपांमागे बाबा. तो वास जिना चढून वर यायचा. उशीला यायचा, दप्तराला यायचा, आईच्या कुशीला यायचा. शहरात आली तेव्हा पहिल्या रात्री तिचा डोळा लागला नव्हता, तो या वासावाचून.

म्हणजे बाबांनी बाटली आणली होती. लेकीला पत्ता लागू न देता. आजवर एकाही हॉटेलाने त्यांची बाटली टेबलावर ठेवली नव्हती. ते आता बाहेर बसलेले असणार.

"शी!" आचाऱ्याने बादलीत पिंक टाकावी तसा घोट टाकला. "ओलं गोणपाट चघळल्यासारखं वाटतंय."

"बुरशी आहे," साहेब म्हणाले. "तळघराला ओल असणार. एकदा का पिंपात शिरली की जात नाही. पण बनवणाऱ्याला कळत कसं नाही हो?"

"नाही कळत," ती म्हणाली. "जन्म ज्या वासात जातो, तो वास नाकाला लागत नाही." हे ती नेहमीच सांगायची, नव्याने शिकायला येणाऱ्यांनाही. बोलून गेली आणि मग तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले.

तिने पेला पुन्हा नाकाशी धरला. या वेळी लेक म्हणून नाही, परीक्षक म्हणून. ओलं गोणपाट होतं. पोपडे धरलेली भिंत होती. जुनी, मुरलेली बुरशी होती. सगळं होतं, आणि आजचं नव्हतं, कायमचंच होतं. त्यामागे कुठेतरी द्राक्षं होती, छान पिकलेली. बाहेरून कडी घातलेल्या खोलीतल्या लेकरासारखी आतूनच हाका मारत होती.

"आम्ही दोघं जिभेचे," साहेब म्हणाले. "नाक तुमचं. ठेवायची की काढायची, तुम्हीच बोला. नाहीतरी आपलं गिऱ्हाईक बर्गरबरोबर पितं. त्याला दौतीतली शाई दिली तरी 'वा' म्हणेल."

आचारी खो खो हसला.

माझ्या बाबांची आहे, एवढं म्हणून तिला उठता आलं असतं. नियमच होता तसा. घरच्या बाटलीवर मत देऊ नये. पण तसं म्हणायचं तर या दोघांदेखत त्या वासाला आपलं म्हणावं लागलं असतं.

तिने घोट घेतला, घोळवला, थुंकला. "बाद," ती म्हणाली.

"दोष कळवू या का त्यांना?" साहेबांनी विचारलं. "पिंपं तरी बदलतील बिचारे."

"नको," ती म्हणाली. "असेल कुणी म्हातारा माणूस. या वयात कशाला उगाच."

साहेबांनी निळ्या फडक्यातली बाटली पुढे ओढली.

सगळ्या बाटल्या चाखून झाल्यावर ती बाहेर आली. निकाल साहेब सांगणार होते, सगळ्यांना एकदम. बाबा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. अंगात ठेवणीतला कोट, केस पाण्याने चापून बसवलेले. तिला बघताच ते लगबगीने उठले.

"रागावू नकोस हं पोरी. आधी सांगितलं असतं तर तुझ्यावर भार पडला असता. म्हटलं, जे व्हायचं ते फडक्याआडून होऊ दे."

"अहो, एवढ्या लांब एकटे आलात?"

"ते राहू दे." त्यांनी तिचं मनगट धरलं. "ओळखलीस?"

"लगेच."

"बघा!" बाबांनी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं. "मघाशी काय म्हटलं तुम्हाला? फडक्यात बांधा नाहीतर गाडग्यात पुरा, माझी पोर ओळखणार म्हणजे ओळखणार!" मग तिच्याकडे वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "आधी काय आलं गं नाकात? खरं सांग."

तिला कोटाचा वास आला.

"घर," ती म्हणाली.

मान हलवत, डोळे पुसत बाबा परत बाकावर टेकले. मग टेबलावरची सॉसची बाटली त्यांनी हलकेच बाजूला सरकवली आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे, मान जरा तिरकी करून, बघत राहिले.